सुरेखाची एकवाढी

सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकमध्ये चातुर्मास लागला हे कळायला पंचांग लागत नाही. नवव्या मजल्यावरची सुरेखा केतकर लिफ्टमध्ये भेटते आणि आपण काही विचारायच्या आत सांगते, "यंदा मी अमुक सोडलंय." दर वर्षी नवा नेम. घ्यायच्या बाबतीत तिचा हात फार सढळ. पाळायच्या बाबतीत मात्र तिचं डोकं चालायला लागतं, आणि ते चांगलं चालतं.

आम्ही इथं राहायला आलो त्या वर्षी तिनं चहा सोडला होता. आठवडा कॉफीवर काढला. मग एका दुपारी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, ती मला तेह तारिक म्हणजे इथला फेसाळ दुधाचा चहा पिताना सापडली. ग्लासावर बोटभर फेस, चेहऱ्यावर समाधान. मी नुसती बघत उभी राहिले तर म्हणाली, "अगं, हे दूध आहे. आटवलेलं. चहा नुसता दाखवतात त्याला."

पुढच्या वर्षी भात. त्या चार महिन्यांत तिच्या घरी इडल्या झाल्या, डोसे झाले, घावनं झाली, तांदळाच्या नूडल्स तर दिवसाआड. भात तेवढा झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी केळीच्या पानावर जेवायचं ठरलं. लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटमधून पानं आणायची. पहिले पंधरा दिवस अख्खं पान होतं, मग अर्धं झालं, गणपतीनंतर ते ताटाखाली गेलं आणि दिवाळी जवळ आली तेव्हा ताटाखाली विड्याच्या पानाएवढा तुकडा उरला होता. माझी गार्गी तेव्हा दुसरीत होती. तिनं ताट उचलून तो तुकडा पाहिला आणि म्हणाली, "मावशी, दिस वन चीटिंग लाह." सुरेखानं तिला जवळ घेऊन समजावलं की देवाला भाव कळतो. गार्गी म्हणाली, "देन गॉड ऑल्सो नो यू चीटिंग."

हे मी कुचेष्टेनं सांगत नाही. म्हणजे, थोडं सांगते. पण सुरेखाच्या पळवाटा फक्त स्वतःसाठी नसतात, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. माझ्या सासूबाई इथं तीन महिने होत्या, साखर पूर्ण बंद. सगळे त्यांच्या ताटावर नजर ठेवून. सुरेखा एकदा आली ती खजुराचे लाडू घेऊन. यात साखरेचा कण नाही काकू, म्हणाली. सासूबाई अजून पुण्याहून फोनवर माझ्या आधी तिची चौकशी करतात. ती लाडूवाली बरी आहे ना, असं विचारतात.

तर या सुरेखाला २०१३ च्या जूनमध्ये नोकरी लागली. बारा वर्षांनी. इकडे यायच्या आधी ती पुण्यात बालवाडीत शिकवायची. मग तिच्या यजमानांना, शैलेंद्रभाऊजींना, इकडे तुआसच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली, त्यांच्या नोकरीच्या पासवर ही आली, आणि शिकवणं राहून गेलं. मुलगा कॉलेजसाठी भारतात गेला तेव्हा घर एकदम रिकामं झालं. आमच्या दोन ब्लॉक पलीकडे एक बालवाडी आहे, तिथं मदतनीस शिक्षिका हवी होती. हिनं अर्ज केला. शाळेनं सरकारकडून परवानगी काढली आणि तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. तीन महिन्यांनी कायम करायचं की नाही ते ठरणार. नाही ठरलं तर परवानगी रद्द, आणि बेचाळिसाव्या वर्षी दुसरी शाळा कोण उघडून ठेवतंय. त्या दिवसांत खालच्या बाकावर बसून ती मला म्हणाली, "मेधा, बारा वर्षं फॉर्मवर हाउसवाइफ लिहितेय. त्यात काही वाईट नाही गं. पण माझं अक्षर चांगलं आहे, अजून एखादा शब्द लिहायला मिळाला तर हवाय."

 मीही तोच शब्द लिहिते, आणि माझं अक्षर तर तिच्याहून चांगलं आहे.

शाळेच्या मुख्य मॅडम लिम. साठीच्या, बुटक्या, केस कानाच्या खाली सरळ कापलेले. आवाज कधी चढवत नाहीत. काही माणसांना तो चढवावा लागत नाही. मुलं त्यांना बघून रांगेत उभी राहतात, आणि गार्गी तिथं असताना एकदा तिला आणायला गेलेले माझे यजमानही राहिले होते.

सुरेखावर मुलं पहिल्या आठवड्यातच लुब्ध झाली. का होणार नाहीत. दुपारी सगळ्यांनी झोपायचं असा नियम. ज्याला झोप येत नाही त्यानं नुसतं आडवं पडावं, असं हिनं ठरवलं. मग आडवं पडून डोळे उघडे ठेवले तरी चालेल. मग डोळे उघडेच आहेत तर बसलं तरी चालेल, फक्त आवाज नको. जुलैच्या अखेरीस मॅडम लिम दुपारी वर्गात डोकावल्या तर अंधारात सात मुलं एकामागे एक बसून बिनआवाजाची आगगाडी खेळत होती, आणि इंजिनाच्या जागी सुरेखा होती.

दोन महिने झाल्यावर मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. ओरडल्या नाहीत. त्या जे म्हणाल्या ते सुरेखानं मला इतक्या वेळा ऐकवलं की मला पाठ झालं. "मुलांना तू फार आवडतेस. अडचण तीच आहे. तुझं 'नाही' पुरं होत नाही. ते अर्ध्यात थांबतं आणि मुलं तिथं वाट बघत बसतात. त्यांना माहीत असतं, पुढं काहीतरी येणार आहे. ज्याचं 'नाही' पक्कं नाही त्याच्या हाती मी वर्ग कसा देऊ?" सहा सप्टेंबरला, शुक्रवारी, तीन महिने पुरे होत होते. त्या दिवशी सांगते, म्हणाल्या.

सुरेखाला हे फार लागलं. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

त्या वर्षीचा तिचा नेम होता एकवाढी. आमच्या आज्यांच्या तोंडी असायचा हा शब्द. ताटात एकदा जे वाढून घ्याल तेवढंच जेवायचं, पुन्हा काही घ्यायचं नाही आणि टाकायचंही नाही. आषाढी एकादशीला सुरुवात केली तेव्हा तिनं लिटल इंडियातून एक नवीन ताट आणलं होतं. मी त्याला परात म्हणाले तर तिला राग आला. एकदाच वाढायचं एवढंच सांगितलंय, केवढ्यात वाढायचं ते कुठं सांगितलंय, असं तिचं म्हणणं. भाऊजी म्हणायचे, हिचं एकदाचं वाढून होईपर्यंत माझं जेवण होतं. पण मॅडमशी ते बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या परातीत कणीक मळली जाऊ लागली. सुरेखा साध्या ताटात जेवू लागली. एक वाटी आमटी, दोन पोळ्या, भाजी, मूदभर भात, की संपलं. यंदा काही पळवाट काढायची नाही, एक तरी गोष्ट सरळ पार पाडायची, असं तिनं मला सांगितलं. मी हसले नाही. गार्गी हसली.

सिंगापुरात शिक्षक दिन सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी असतो. म्हणून मॅडम लिमनी आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या शिक्षिकांना हॉटपॉटला बोलावलं. हवं तर घरचं एक माणूस आणायचं. भाऊजींच्या कारखान्यात त्या दिवसांत शटडाऊन होतं, म्हणजे यंत्रांच्या दुरुस्तीचं रात्रंदिवस काम, तुआसहून टॅम्पिनीस म्हणजे या बेटाचं एक टोक ते दुसरं टोक, ते काही येऊ शकत नव्हते. माणूस म्हणून मी गेले.

जाताना सुरेखाची काळजी वेगळीच होती. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, शाकाहारी तर ती एरवीही. तिथं आपल्याला खायला काय असणार, आणि खाल्लं नाही तर उद्याच्या दिवशी मॅडमच्या मनात काय येणार. उद्या हा शब्द तिच्या प्रत्येक वाक्यात होता.

मॉलच्या चौथ्या मजल्यावरचं ते हॉटेल. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर हातात नंबरांचे कागद घेऊन माणसं बसलेली, आत वाफच वाफ. आमचं मोठं गोल टेबल होतं, आम्ही दहाजणी. टेबलाच्या मधोमध शेगडी बसवलेली आणि तिच्यावर रुंद भांडं, त्याला मध्ये वळणदार पत्र्याचा आडोसा. एका बाजूला लाल तिखट रस्सा, दुसऱ्या बाजूला मशरूमचं पांढुरकं, निवळ सूप. भोवती कच्च्या जिनसांच्या ताटल्या. ज्याला जे हवं ते आत सोडायचं, शिजलं की काढायचं, चटणीत बुडवून खायचं, बोलायचं, पुन्हा सोडायचं. इथले जुने लोक याला स्टीमबोट म्हणतात.

सुरेखा काही बोलणार एवढ्यात मॅडमनीच सांगून टाकलं, की आज त्यांच्या चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पहिली तिथी. पहिल्या आणि पंधराव्या तिथीला त्या मांसमच्छी खात नाहीत, कांदा-लसूणही नाही. तेव्हा ही पांढरी बाजू त्यांची, त्यात कोणी काही भलतं टाकायचं नाही. बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगतेय. सुरेखानं टेबलाखाली माझा हात दाबला. मग धीर करून म्हणाली, आज आमच्याकडे अमावास्या आहे, श्रावणाचा शेवटचा दिवस. मॅडमना गंमत वाटली. चंद्र एकच, तुम्ही महिना संपवताय आणि आम्ही सुरू करतोय, म्हणाल्या. पुढची पाच मिनिटं दोघींचं तिथींवर असं काही जमलं की मला वाटलं, झालं, उद्याचं काम आजच झालं.

तेवढ्यात सुरेखाचा चेहरा बदलला. ती माझ्या कानाशी आली. "मेधा, यात वाढणं कुठं असतं गं?"

मी भांड्याकडे पाहिलं आणि मलाही प्रश्न पडला. हॉटपॉटमध्ये एकदा वाढणं ही गोष्टच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडं थोडं वाढणंच चालू असतं. एक मशरूम काढलं ही पहिली वाढी, दुसरं काढलं की नेम मोडला. मी म्हणाले, ते मोठं भांडं हेच ताट समज, त्यात पडलं ते सगळं एकदाच वाढलेलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हीच बाई तेह तारिकला दूध म्हणत होती यावर माझा विश्वास बसेना. "पळवाट नको," म्हणाली.

मग तिनं तिच्या मते सरळ मार्ग काढला. पहिला घास घेतला की वाढप संपलं. म्हणजे घास घ्यायचाच नाही. सगळं वाडग्यात जमू द्यायचं आणि मग एकदम सुरुवात करायची.

यात तिनं मॅडम लिमना धरलं नव्हतं. आग्रहाच्या बाबतीत चिनी माणसं आपली सख्खी भावंडं आहेत. फरक एवढाच की आपण तोंडानं आग्रह करतो, समोरचा नको-नको म्हणतो, मग आपण वाढतो. यजमान चिनी असला तर हे मधलं काही नाही. तो सरळ चॉपस्टिकनं उचलून तुमच्या वाडग्यात ठेवतो. आणि आपल्याकडे जसं पाहुण्याचं रिकामं ताट बघवत नाही, तसं त्यांना पाहुण्याचं रिकामं वाडगं बघवत नाही. मॅडम स्वतः चिमणीएवढं खात होत्या आणि दहाही वाडग्यांवर घारीसारखी नजर ठेवून होत्या. सुरेखाच्या वाडग्यात मशरूम आलं, टोफूचा तुकडा आला, कमळाच्या देठाची भोकांची चकती आली, मक्याच्या कणसाचा गोल आला. बाकी सगळ्या खात होत्या, हसत होत्या, बोटं भाजून घेत होत्या. सुरेखा हात मांडीवर ठेवून वाडग्यासमोर बसली होती, सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखी.

पाच मिनिटं कोणाच्या लक्षात आलं नाही. दहा मिनिटांनी शेजारच्या पेगीनं विचारलं, आवडत नाही का. पेगी तिच्याच वर्गावरची मुख्य शिक्षिका, मनानं चांगली. सुरेखा म्हणाली, आवडतं ना, फार आवडतं, आणि हात मांडीवरच. पेगीनं खाणं हळू केलं. तिचं बघून पलीकडचीनं. एकेक करत टेबलावरचं बोलणं विझत गेलं आणि शेवटी मॅडम लिमनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"सुरेखा, तू जेवत नाहीस."

प्रश्न नव्हता तो. मला मुलीला आणायला गेलेले माझे यजमान आठवले. सुरेखाचा रंग उतरला. तिनं सांगितलं सगळं. चार महिन्यांचा नेम, एकदाच वाढून घेणं, टाकायचं नाही, म्हणून थांबलेय. इंग्रजीत ते मराठीपेक्षाही विचित्र वाटत होतं. मला वाटलं मॅडम हसतील किंवा रागावतील. त्या विचार करत होत्या.

मग त्यांनी तीन शंका विचारल्या, अगदी शाळेच्या तपासणीला आल्यासारख्या. वाडगं एकच हवं का? नाही, आमच्याकडे ताट असतं, ताटात वाट्या चालतात. दुसऱ्यांनी वाढलेलं चालतं का? चालतं. सूप प्यालेलं मोजायचं का? हे सुरेखाला माहीत नव्हतं. मोजायचं, मॅडमनी ठरवलं. मग त्यांनी वेटरकडून भाज्यांची एक मोठी रिकामी ताटली मागवली, सुरेखापुढे ठेवली आणि बाकीच्यांना म्हणाल्या की जे काय घालायचं ते आत्ता घाला.

पुढची दहा मिनिटं मी विसरणार नाही. नऊ बायकांनी एका बाईचं ताट वाढायला घेतलं. पांढऱ्या बाजूला जागा पुरेना. पालक, भोपळा, तीन जातींची मशरूमं, काचेसारख्या पारदर्शक शेवया. पेगी चटण्यांच्या टेबलावर जाऊन तीन वाट्या भरून आली, तिळाची, शेंगदाण्याची आणि एक नुसत्या मिरचीची. एकीनं सूपची वाटी भरली. कोणी म्हणालं शेवया कमी आहेत, अजून घाला, बिचारीला पुन्हा मिळणार नाहीत. माझेही हात शिवशिवले, मी एक कणसाचा गोल घातला. मैत्रीण म्हणून घालायला नको होता, पण घातला. सुरेखा प्रत्येक जिनसाला थँक यू म्हणत होती आणि दर थँक यूला आवाज थोडा लहान होत होता.

"आणखी काही?" मॅडमनी टेबलभर पाहिलं. "नाही? सुरू कर."

सुरेखा जेवायला लागली. पहिले काही जिन्नस ती चवीनं खात होती, चटणी बदलून बदलून. मग बोलणं बंद झालं. मग तिनं कमरेचा पट्टा एक भोक सैल केला, मी शेजारी होते म्हणून मला दिसलं. शेवया काही संपेनात, त्या ताटात फुगत असाव्यात असा मला संशय आहे. टाकायचं नाही हा नेमाचा दुसरा अर्धा भाग तिला आता पहिल्यापेक्षा जड जात होता. तरी ती हळूहळू शेवटाला आली. ताटात एक मशरूम आणि भोपळ्याची एक फोड उरली.

आणि तेव्हा वेटर एक ताटली घेऊन आला. सोयाबीनच्या दुधाच्या सायीच्या तळलेल्या गुंडाळ्या. सुरुवातीलाच मागवल्या होत्या, यायला उशीर झाला. मॅडमचा चेहरा प्रथमच फुलला. या गुंडाळ्या म्हणे त्या स्वतःच करून देतात, दर वर्षी, प्रत्येकीला एक. सूपात बुडवायची आणि तीन आकडे मोजून काढायची. दोन मोजले तर कडक राहते, चार मोजले तर लगदा. सगळ्यात जुन्या शिक्षिकेपासून सुरुवात झाली. एक, दोन, तीन, की वाडग्यात. पेगीनं मला हळूच सांगितलं की मॅडमच्या हातची ही गुंडाळी म्हणजे मोठा मान आहे. पहिल्या वर्षी मिळाली तेव्हा ती घरी जाऊन आईला सांगत बसली होती. मलाही पाहुणी म्हणून मिळाली. बाहेरून कुरकुरीत, आतून सूप प्यालेली, फार सुरेख लागते.

शेवटी सुरेखा. एक, दोन, तीन. गुंडाळी टेबलावरून आली आणि तिच्या ताटावर थांबली. खाली ठेवायच्या आधी मॅडम थांबल्या होत्या.

"नको, मॅडम," सुरेखा म्हणाली.

"एकच."

"नको. थँक यू."

गुंडाळीतून सूपाचा एक थेंब ताटात पडला. मग दुसरा.  मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मुलांना दिवसभर नियम शिकवणाऱ्या बायका त्या, नियमाच्या फटी त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. पेगी म्हणाली, ताटात अजून मशरूम आहे, म्हणजे वाढप संपलंच नाही. दुसरी म्हणाली, ही तर पहिल्या ऑर्डरमधली, वेटरच्या चुकीची शिक्षा सुरेखाला का. तिसरी म्हणाली, मॅडमनी वाढायची नाही, ताटाच्या काठावर विसरून जायची. प्रत्येक वेळी सुरेखा मान हलवत होती.

मला राहवेना. उद्याच्या दिवसावर एवढं अवलंबून असताना ही बाई एका गुंडाळीसाठी अडून बसली होती. मी मराठीत म्हणाले, "अगं, प्रसाद म्हणून घे. त्यांची तिथी आहे आज. प्रसादाला नेम आड येत नाही, तूच मला शिकवलंयस."

ही सगळ्यात चांगली पळवाट होती, आणि तिचीच होती. तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"नाही म्हणजे नाही, मेधा."

ती काय म्हणाली असं मॅडमनी मला विचारलं. मी सांगितलं, नाही म्हणतेय. मॅडमनी गुंडाळी परत नेली, स्वतः खाल्ली, आणि बिल मागवलं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

घरी येताना सुरेखा दोन ब्लॉक अगदी हळूहळू चालली. मग म्हणाली, उद्या काढणार मला. सगळ्यांच्या देखत त्यांच्या हातचं नाकारलं. मी म्हणाले, तुझं 'नाही' पक्कं आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आता काय काढतायत. आणि खरं सांगते, मला तिचं कौतुक वाटत होतं. आमच्या ब्लॉकखालच्या बाकापाशी ती थांबली, बाकाला धरून हळूच बसली.

"पक्कं कसलं गं," म्हणाली. "जागाच नव्हती. अजून एक घास गेला असता तर तिथंच सगळं बाहेर आलं असतं. नेम-बिम काही डोक्यात नव्हतं माझ्या." मग एकदम माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ही पण पळवाटच झाली की."

मी हसायला लागले तर ती रागावली, आणि रागावता येण्याएवढीही जागा नसल्यामुळे पुन्हा बसली.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज इतका बारीक होता की मी पोळी तव्यावरच ठेवून बाहेर आले. मॅडमनी तिला कायम केलं होतं. पत्र हातात दिलं आणि म्हणाल्या, काल मला हवं होतं ते ऐकायला मिळालं. एवढ्यावर पत्र घेऊन बाहेर यावं की नाही. पण आमची सुरेखा. तिनं तिथंच उभं राहून सांगून टाकलं की मॅडम, तुमचा गैरसमज होतोय, माझं पोट भरलं होतं.

"असं सांगितलंस?" मी विचारलं.

"मग काय करू, पत्र हातात होतं आणि ते खोटं वाटायला लागलं."

मॅडम म्हणाल्या, ते मला माहीत आहे, तुझ्या ताटात किती पडलं ते मी बघत होते. पण पोट भरलेली माणसं काय करतात? हो म्हणतात आणि घेतलेलं पालकाखाली लपवतात, नाहीतर टिश्यूत गुंडाळतात. तीस वर्षं लोकांना जेवायला घालतेय, कोण कुठं लपवतं ते मला पाठ आहे. तू माझ्या तोंडावर नाही म्हणालीस आणि पाचजणी वाट दाखवत असताना म्हणालीस. कशासाठी म्हणालीस ते तुझं तू बघ.

मला वाटलं फोन संपला. पण पुढं अजून होतं. या आनंदाच्या भरात हिनं लगेच सोमवारची रजा मागितली होती. सोमवारी गणेश चतुर्थी. तीन महिने बोलीवर असल्यामुळे तोंड उघडलं नव्हतं, आता कायम झाली, आता काय हरकत. मॅडमनी तक्ता पाहिला. त्या आठवड्यात दोघी आधीच रजेवर होत्या.

"मग?"

"नाही म्हणाल्या."

मी तिला सुचवायला लागले. अर्धा दिवस माग. दहाला येते म्हण. सणाची रजा वेगळी असते का ते तरी विचार. सोमवारी सकाळी अंगात कसकस असल्याचं कळव, कोण बघायला येतंय. सुरेखानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेधा, त्या नाही म्हणाल्यात." माझं वय चार असल्यासारखं, आणि इतक्या शांतपणे, की मी गुपचूप फोन ठेवला. पोळी करपली होती.

सोमवारी पहाटे साडेपाचला आम्ही तिच्या घरी जमलो. सिंगापुरात सात वाजेपर्यंत उजाडत नाही, खिडकीबाहेर काळोख. शैलेंद्रभाऊजी पहाटे चारला शटडाऊनवरून घरी आले होते, ते तसेच सोवळं नेसून पाटावर बसले होते आणि मंत्र टॅबलेटवर चालू होते. दर दोन मंत्रांनी त्यांची मान खाली जायची, सुरेखा पाठीमागून टोचायची आणि ते दचकून गणपतीवर पाणी घालायचे. पलीकडच्या घरातली माणसं झोपलेली, म्हणून आरती आम्ही पुटपुटत म्हटली. गार्गीनं टाळ हातात घेतला होता, पण मी डोळे वटारल्यामुळे तो तिनं नुसता हलवला.

सव्वासहाला सुरेखा निघाली. जरीकाठी साडी, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, बोटाला अजून हळदीकुंकू. भाऊजी पाटावरून तिच्याकडे बघत राहिले. दुपारचे एकवीस मोदक कोण वळणार आणि नैवेद्य कोण दाखवणार, असं त्यांनी विचारलं. मग आपणच तडजोड काढली, की सारण तयारच आहे, दुपारी मी वळण्यापेक्षा संध्याकाळी तू आल्यावर केलं तर बाप्पा काही म्हणणार नाही.

ती चपला घालत होती. "नाही," म्हणाली, आणि लिफ्टचं बटण दाबलं.